सतराव्या खुंटीपाशी

सोमवार, ३ तारीख

सुखरूप पोचलो. छत्री, औषधांची पिशवी, पाण्याची बाटली, सगळं आलं. वाटेत चार वेळा मोजलं होतं. ही वही लेकीने दिली. म्हणाली, बाबा, तुमच्या सगळ्या काळज्या हिच्यात लिहा, म्हणजे आमच्या कानांना सुट्टी मिळेल. जावई हसले, मीही हसलो. सातवी नापास माणसाचं अक्षर आहे, कुणी वाचू नये.

घरात त्यांनी मला खोली काढून दिली होती. पण मी रात्री कड्या तपासत फिरतो आणि सगळ्यांची झोपमोड होते. म्हणून मीच म्हटलं, शेततळ्यावरच्या पंपाच्या खोलीत राहतो, बांधाची गळती पाहायची ते काम तिथेच आहे. एक खाट, एक स्टोव्ह, दोन खिडक्या. एकीतून तळं दिसतं, दुसरीतून खाली लेकीचं घर. घराच्या बाजूच्या चढावर कपड्यांची दोरी आहे, तिथे नात लंगडी घालते. तिला सगळे भिंगरी म्हणतात. मोठ्याने मोजते आणि दर खेपेला नऊ गाळते. हवा छान आहे. इथे माझं चांगलं चालेल.

मंगळवार, ४ तारीख

बांध पाहिला. मातीचा आहे, तीस-बत्तीस पावलं लांब, दोन पुरुष उंच. पायथ्याशी एका जागी गवत हिरवंगार, बाकी सगळं वाळलेलं. तिथून करंगळीएवढी धार येते. मी काचेच्या ग्लासात पाणी धरून उजेडात पाहिलं. पाणी नितळ असलं तर नुसतं पाणीच जातंय. गढूळ झालं तर समजायचं की आतून बांधच वाहून चाललाय, मग फार वेळ उरत नाही. आजचं नितळ आहे.

धारेपासून लेकीच्या स्वयंपाकघरापर्यंत एकशे चाळीस पावलं, सगळा उतार. मी दोनदा मोजली. जावयांना सांगितलं, तळं रिकामं करा. ते म्हणाले, पीक उभं आहे, पाणी सोडून चालणार नाही. फार तर दोन हात कमी करतो.

गुरुवार, ६ तारीख

बांधाच्या माथ्यावर दर पावलाला एक खुंटी ठोकली, नंबर घातले. मदतीला एक मजूर आहे, अंगाने काडी, म्हणून नाव पैलवान.

एकतीस वर्षं मी पाणीखात्यात गळती शोधली. लोखंडी कांडीचं एक टोक जमिनीत, दुसरं कानाला. रस्त्याखाली नळ कुठे फुटलाय ते पाणीच सांगायचं. खात्यात मला डॉक्टर म्हणायचे, रस्त्याची छाती तपासतो म्हणून. कांडी अजून माझ्याकडे आहे. दुपारी पंप बंद झाल्यावर एकेका खुंटीशी ऐकत गेलो. सोळापर्यंत काही नाही. सतराव्या खुंटीला पाणी लागलं, कढईत काहीतरी तडतडावं तसा आवाज.

त्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता. कुणीतरी ताट धुऊन पालथं घालत होतं. वाटलं, लेकीच्या घरचा आवाज जमिनीतून येत असेल. पण घराला कुलूप होतं. ती शेतात गेली होती.

शुक्रवार, ७ तारीख

पुन्हा ऐकलं. दोन ताटं, एक वाटी. मग भांड्याच्या काठाला बांगडी लागली. मग खोकला, आधी एक छोटा आणि थांबून एक मोठा.

हा खोकला मी बेचाळीस वर्षं ऐकलाय. बायकोला जाऊन चौदा महिने झाले.

लिहूनच टाकतो. ती बाथरूममध्ये पडली. आतून कडी होती. मी शेजारच्याच खोलीत झोपलो होतो, कानात कापूस घालून. दिवसभर कान लावून काम केलं की घरी आल्यावर मला चमचा पडलेलाही सोसायचा नाही. निवृत्त झालो तरी सवय गेली नाही. तिने किती वेळ हाका मारल्या ते मला माहीत नाही. शेजारीण म्हणाली, बऱ्याच. लेकीला वाटतं, मी तेव्हा बाजारात होतो.

रविवार, ९ तारीख

पैलवानाला कांडी दिली. तो म्हणाला, आजोबा, पाणीच आहे, पण माझ्या सासूसारखं थांबतच नाही. आणखी काही ऐकू येतं का विचारलं, तर हसून कांडी परत दिली.

सतराव्या खुंटीशी चर खणला. त्यात चिकणमाती वीतभर घालायची, धुमसाने ठोकून घट्ट करायची, मग पुढची वीत. संध्याकाळपर्यंत चर भरला. पायथ्याची धार थेंबावर आली. जावयांनी चक्क माझी पाठ थोपटली. लेक म्हणाली, बाबा, आता निवांत झोपा.

कांडी लावली. आत काहीच नाही.

मंगळवार, ११ तारीख

दिवसभर कुणी आलं नाही. खाली भिंगरीने हात हलवला आणि आत पळाली. लेकीने काल दिलेला डबा तसाच आहे. सहा वेळा कांडी लावली. माती गप्प. तिला मी दुसऱ्यांदा कोंडलं.

बुधवार, १२ तारीख

सतराव्या खुंटीशी पहार घातली. बोटाएवढंच भोक, फक्त ऐकण्यापुरतं. धार पुन्हा लागली, पण बारीक. ग्लासातलं पाणी नितळ आहे. दोनदा पाहिलं.

ती आहे. आज ती बोलली.

"अहो, दार उघडा."

गुरुवार, १३ तारीख

पैलवानाला सांगितलं, माती मुरायला हवी, चार दिवस येऊ नकोस. पहार आणखी घातली, तिरकी. आवाज जवळ आला. तिचा श्वासही ऐकू येतो. लेकीचा फोन आला. पाणी कसं आहे विचारत होती. नितळ आहे म्हणालो.

नितळ नाही. किंचित दुधाळ आहे. उद्या बुजवतो. आज एकदा तिच्याशी बोलून घेतो. मी इथेच आहे एवढं तिला कळू दे.

शुक्रवार, १४ तारीख

मी बोललो. ती उत्तर देत नाही. तेच तेच म्हणते — अहो, दार उघडा — अहो, किती वेळ — अहो, ऐकताय ना — आणि पुन्हा पहिल्यापासून.

आता कळलं. ती माझ्याशी बोलत नाहीये. तिचं जे शेवटचं बोलणं मी ऐकलं नाही, ते या मातीत आहे. तेवढंच आहे. त्यापुढे काही नाही.

तरी दुपारभर ऐकलं.

ग्लासामागे धरलेलं बोट दिसत नाही. खाली जाऊन सांगायला हवं. काय सांगू? भोक कुणी पाडलं म्हणून विचारतील. सकाळी बुजवतो. माती भिजवून ठेवली आहे.

शनिवार, १५ तारीख

सकाळी बुजवायच्या आधी एकदाच कांडी लावली. ती नव्हती.

दुसरंच कुणीतरी होतं. सहा, सात, आठ, दहा —

खिडकीशी आलो. भिंगरी चढावर लंगडी घालत होती. इतक्या लांबून तिचा आवाज इथे येत नाही. पुन्हा कांडी लावली. आत लेकीचा आवाज. "बोला बाबा, ऐकतेय." एवढंच. मग पाण्याचा लोंढा. मग पुन्हा — बोला बाबा, ऐकतेय —

लेक तर दोरीवर कपडे वाळत घालत होती. तोंड मिटलेलं.

माती लोटली. राहत नाही. गादी कोंबली — आत ओढली गेली. भोक आता घागरीएवढं. पाणी तांबडं आहे. पायाखाली बांध हलतोय. हाका मारल्या — वारा उलटा आहे — धावलो तरी पोचणार नाही, एकशे चाळीस पावलं —

खोलीत येऊन लेकीला फोन लावलाय. कानाशी धरून लिहितोय, हात थांबत नाही. तिचा फोन स्वयंपाकघरात असतो. खिडकीतून दिसतंय — तिला रिंग ऐकू गेली — हात पुसले — नको — कपडे टाकून निघाली — तिथेच थांब, चढावर पाणी येत नाही, तिथेच — भिंगरीचा हात धरला — फोन बंद करायला हवा, बटण — बोटं चिखलाची, दाबलंच जात नाही — दोघी आत —

मागे भिंगरी मोजतेय. सहा, सात, आठ —

बोला बाबा, ऐक