पोपटाच्या पुडीविरुद्ध

प्रति,
मेहेरबान तहसीलदार साहेब,
तहसील कचेरी, बसमत,
जिल्हा परभणी.

अर्जदार : व्यंकटराव रामराव, हळदीचे व्यापारी, मौजे कुरुंदा.

विषय : पुडीवरील चित्र म्हणजे हळद नव्हे, असे दवंडी पिटवून जाहीर करण्याबाबत.

संदर्भ : हुजूर कुरुंद्याच्या बाजारी दौऱ्यावर आले असता अर्जदाराने केलेली तोंडी तक्रार, जी ऐकून हुजूर हसले होते.

मेहेरबान साहेब,

१. अर्जदाराच्या घराण्यात हळदीखेरीज दुसरा धंदा कोणी केलेला नाही. कुरुंदा आणि भोवतालची शिवारे हळदीची आहेत. माघ-फाल्गुनात येथे कढया चढतात आणि शिजत्या हळदीचा वास माणसांच्या अंगाला असा चिकटतो, की कुरुंद्याचा माणूस बसमतच्या पेठेत डोळे मिटूनही ओळखता येतो. अशा गावचे लोक हळद विकत आणतात, आणि तीही कागदाच्या पुडीतून, हे लिहिताना अर्जदाराची मान खाली जाते. लोकांची मात्र जात नाही.

२. पुडीची हकीकत अशी. बसमतच्या पेठेतील व्यापारी पुनमचंद यांनी चालू महायुद्धाच्या सुरुवातीस हैदराबादेहून एक रंगीत कागद छापून आणला. त्यावर गोरीपान राणी खुर्चीत बसलेली आहे, मागे पांढरा बंगला आहे आणि राणीच्या मनगटावर हिरवा पोपट आहे. हळद चित्रात कोठेही नाही. राणीचे एकंदर रूप पाहता तिने जन्मात हळकुंड हाती धरले असेल असे दिसत नाही. या कागदाच्या पुड्यांत दळलेली हळद भरून पुनमचंदांनी त्या दुकानाच्या दर्शनी फळीवर मांडल्या. कागदावर छापलेले नाव कोणी वाचले नाही, कारण वाचता कोणाला येते? सर्वांनी मिळून तिला 'पोपटाची हळद' म्हणायला सुरुवात केली, आणि त्या दिवसापासून अर्जदाराच्या दुकानातील हळद नुसती हळद राहिली.

३. येथे हुजुरांनी कृपा करून लक्ष द्यावे. पुनमचंद हळद पिकवीत नाहीत, शिजवीत नाहीत, वाळवीतही नाहीत. ते ती अर्जदाराच्या कोठारातून पोत्याने नेतात. म्हणजे पोपटाच्या पुडीत आहे ती अर्जदाराचीच हळद. हे अर्जदाराने चारचौघांत, देवळात व बाजारात घसा कोरडा पडेपर्यंत सांगितले. शेजारच्या मंजुळाबाईंनी, ज्या आजवर अर्जदाराकडून पदरात बांधून हळद नेत असत, त्यावर पुढीलप्रमाणे उत्तर दिले : "आप्पा, तुमची हळद चांगली हाय, म्या कुठं न्हाई म्हनते? पर तिला तोंड न्हाई. पोपटाची फळीवर ठिवली का घर कसं भरल्यावानी दिसतंय." हळद भाजीत घालावयाची असते, फळीवर नव्हे, हे अर्जदाराने नम्रपणे निदर्शनास आणले. बाईंनी अर्जदाराकडे कीव आल्यासारखे पाहिले.

याच मंजुळाबाईंच्या मुलीच्या लग्नात पाच सुवासिनींनी जात्यावर हळद दळण्याची वेळ आली, तेव्हा घरात पोपटाची पुडी होती आणि तिच्यातील हळद तर आधीच दळलेली. रीत मोडून चालत नाही आणि पुडी सोडवत नाही. शेवटी त्या शहाण्या बायांनी दळलेली हळद जात्यात ओतून, ओव्या म्हणत, पुन्हा दळली. निम्मी हळद भिंतीवर आणि निम्मी बायांच्या नाकात गेली. शिंका थांबेनात, तरीही सर्वांनी पोपटाच्या हळदीचा रंग कसा खुलतो याचीच तारीफ केली.

अर्जदार पुनमचंदांस जाब विचारण्यास गेला असता ते गादीवरून न उठता म्हणाले, "व्यंकटराव, लोक पोपट घेतात. हळद तर आपन वरून देऊन राहिलो." हा माणूस लुच्चा खरा, पण त्याने निदान गिऱ्हाइकाची किंमत बरोबर ओळखली आहे.

४. अर्जदार स्वस्थ बसला असे नाही. लोकांना पोपटच हवा असेल तर पोपट देऊ, या हेतूने त्याने बैलांची शिंगे व देवळाच्या भिंती रंगविणाऱ्या गावच्या रंगाऱ्याकडून साध्या कागदाच्या पुड्यांवर पोपट काढून घेतला. हिरवा रंग संपलेला असल्याने रंगाऱ्याने काजळी वापरली. चोच मात्र मन लावून काढली. त्या पुड्या दुकानात मांडल्या त्या दिवशी गिऱ्हाईक आले, परंतु ते हसण्यासाठी आले. तेव्हापासून कुरुंद्यात, आणि अलीकडे सेनगावपर्यंत, अर्जदाराच्या मालास 'कावळ्याची हळद' म्हणतात. वाडवडिलांनी जपलेले नाव एका काळ्या चोचीने पुसून टाकले.

५. इतके सर्व अर्जदाराने सोसले असते. परंतु आता प्रकरण घरात शिरले आहे. अर्जदाराची कन्या गंगू हिचे लग्न शिरड शहापूरचे माणिकराव यांच्या चिरंजीवांशी माघ वद्य पंचमीस ठरले आहे. नवऱ्या मुलास लागलेली हळद उष्टी म्हणून नवरीला लावतात, ही रीत हुजुरांस ठाऊक आहेच. मुलीचा बाप हळदीचा व्यापारी, म्हणून नवऱ्याकडची हळदही आपणच पाठवावी, असा मान अर्जदाराने हौसेने मागून घेतला. माणिकरावांनी तो दिला आणि वर निरोप धाडला की हळद पोपटाच्या पुडीतून यावी. सुटी आली तर "लोक म्हनतील, व्याह्यानं पोत्यातली झाडलोट आनली."

हे माणिकराव स्वतः हळद पिकवितात. त्यांची हळद दरसाल अर्जदार घेतो. अर्जदाराकडून ती पुनमचंद नेतात आणि पोपटाखाली कोंबतात. म्हणजे माणिकरावांच्या शेतातील हळद माणिकरावांच्याच मुलाला लावायची, परंतु मधे ती राणीच्या हाताखालून गेली पाहिजे, असा हा हट्ट आहे. इतका मूर्खपणा एका माणसात मावतो याचे अर्जदारास नवल वाटते, आणि तो माणूस आपला व्याही होणार याचे दुःख.

६. समजूत पटावी म्हणून अर्जदार शिरडला गेला. जाताना एक भरलेली पुडी आणि सुट्या हळदीचे एक गाठोडे सोबत नेले. वाटेत चिंचेखाली बसून त्याने पुडीतील हळद बाजूला काढली, गाठोड्यातील हळद पुडीत भरून टोक पुन्हा चिकटविले आणि काढलेली हळद रिकाम्या गाठोड्यात बांधली. मग व्याह्यांच्या ओसरीवर दोन्ही ताटात ठेवून परीक्षा करण्यास सांगितले. विहीणबाई पार्वतीबाईंनी दोन्हींचा वास घेतला. पुडीतली नाकाजवळ धरताच त्यांचे डोळे मिटले. "वासच न्यारा," असे त्या म्हणाल्या. गाठोड्यातली हुंगून त्यांनी नाक मुरडले आणि हिला कुबट घाण येते असे सांगितले.

तेव्हा अर्जदाराने अदलाबदल केल्याचे उघड केले. अर्जदाराला वाटले, जिंकलो. मग माणिकराव पानाला चुना लावीत म्हणाले, "व्याही, हळद तुमी बदलली असंल. पुडी तर तीच व्हती न्हवं?" आणि सर्वांनी माना डोलावल्या. शेवटी त्यांनी असेही बजावले, की पुडी नाही तर हळद नाही, आणि हळद नाही तर पंचमीला अक्षता कशाच्या टाकता. यावर काय उत्तर द्यावे, हे हुजुरांस सुचल्यास कळवावे.

७. बाजारात जाऊन एक पुडी आणावी, असे कोणी म्हणेल. परंतु लढाईमुळे कागदावर नियंत्रण आले आणि हैदराबादेहून छापील कागद येणे बंद झाले. हळद कोठारात मावत नाही, पुडी मात्र तालुक्यात मिळत नाही. तरीही लोकांची अक्कल ठिकाणावर आली नाही. घरोघरी जुन्या रिकाम्या पुड्या जपून ठेवल्या आहेत. बाया त्या पदराखाली झाकून पेठेत नेतात, पुनमचंदांकडून त्यात सुटी हळद भरून घेतात आणि पुडीचाच भाव देतात. शिरडला दाखविलेली पुडी माणिकरावांनी तेथेच ठेवून घेतली, आणि ती हाताळलेली आहे, लग्नात कोरी दिसणारी लागेल, असे सांगितले.

अखेर अर्जदाराची पत्नी मनकर्णा हिने मंजुळाबाईंना नवी चोळी देऊन त्यांच्याकडील एक चांगली, न फाटलेली पुडी मिळविली. अर्जदाराने हे पाहून कपाळावर हात मारला व गंगूला जवळ बोलावून विचारले, की बाई, तुझे काय म्हणणे आहे? आपल्या बापाची हळद तुला चालत नाही काय? ती म्हणाली, "आबा, हळद तुमचीच लावा. पर पोपट असला तर बरं दिसंल." हे ऐकून अर्जदारास जितके वाईट वाटले तितके पुनमचंदांच्या गादीसमोर उभे राहूनही वाटले नव्हते. ही मुलगी हळदीच्या राशीवर खेळून मोठी झाली आहे.

८. सबब मागणी अशी की, पंचमीपूर्वी कुरुंदा व शिरड शहापूर येथे दवंडी पिटवावी, की हळद पाहावयाची ती आतली, बाहेरची नव्हे. पुडीवर पोपट दाखवून आत पोपट न देणे ही उघड फसवणूक आहे, याचीही नोंद घ्यावी. चित्र काढल्यावाचून ज्यांचा जीव राहत नाही त्यांनी हळकुंडाचे काढावे. ते दिसावयास ओबडधोबड असल्याने त्याच्या मोहाने कोणी हळद घेणार नाही. तालुक्यात किती घरी ही पुडी आहे याची मोजदाद व्हावी. खुद्द हुजुरांच्या मुदपाकखान्याची चौकशी करण्याची अर्जदाराची इच्छा नाही.

९. वरील मजकूर लिहून पूर्ण झाला होता. पुरावा म्हणून अर्जदाराने मनकर्णाच्या पेटीतील पुडी न विचारता काढून अर्जास टाचली आणि अर्ज तसाच कचेरीच्या शिपायाकडे, लालसिंग यांच्याकडे, दिला. घरी आल्यावर मनकर्णाने पेटी उघडली. त्यानंतर घरात जे झाले ते सरकारी कागदावर लिहिण्याजोगे नाही. गंगू चुलीकडे तोंड करून बसली. अर्जदार तसाच बसमतला परत आला. लालसिंग यांनी दाखल झालेला कागद परत मिळणार नाही असे सांगितले, पण खाली चार ओळी वाढविण्यास मोकळीक दिली. त्या ओळी अर्जदार कचेरीच्या पायरीवर बसून लिहीत आहे.

दवंडीची घाई नाही. ती पंचमीनंतर पिटवली तरी चालेल, आणि न पिटवली तरी अर्जदार पुन्हा तक्रार करणार नाही. लोक आहेत तसेच राहतील. सोबतची हळद अस्सल कुरुंद्याची, चालू सालची, निवडून दळलेली आहे. ती कचेरीने ठेवून घ्यावी, वाटल्यास फेकून द्यावी. पुडी मात्र न फाडता, टाचणीचे भोक राणीच्या चेहऱ्यावर येणार नाही अशी काळजी घेऊन, चतुर्थीच्या आत परत मिळावी.

हुजुरांच्या दारी पुडीसाठी थांबलेला,
व्यंकटराव रामराव
(सही दस्तुरखुद्द)
बसमत, ता. २२ इस्फंदार १३५३ फसली (जानेवारी १९४४)

सोबत :
१. सुटी हळद, पळसाच्या पानात.
२. पोपटाची पुडी, रिकामी.