अर्जदाराच्या घरी सिंहासन आढळले

दि. २१ मे २०२१, शुक्रवार

आदरणीय गुलाबभाऊजी यांना,

तुमच्या एकुलत्या एका साळ्याचा, रत्नपालचा, मास्क लावून आणि सहा फूट अंतर राखून मनापासून जयभीम. आम्ही इकडे सगळे धडधाकट आहोत. तुम्हीही असाल, कारण आमची रुक्माताई ज्या घरात आहे तिथे तिला विचारल्याशिवाय आजारी पडायची सोय नाही, हे मी लहानपणापासून जाणतो. तुमचा गुडघा काय म्हणतो? लस घेतलीत का? मी घेतली. दोन दिवस दंड दुखला आणि ते दोन दिवस रचनाने मला एकही काम सांगितलं नाही, म्हणून दुसऱ्या डोसची मी आतुरतेने वाट पाहतो आहे. ताईला खोकला झाला होता असं कानावर आलं. (तिला सांगा, खोकायचं तर घरातल्या घरात खोक. गेल्या महिन्यात मला मिरचीच्या फोडणीचा ठसका लागला, तर शेजारचा उदाराम आठ दिवस आमच्या दारावरून न जाता मागच्या धानाच्या बांध्यांतून वळसा घालून जात होता.)

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. एक तर आमचा फोन सकाळपासून मुलीच्या ऑनलाइन शाळेत बसलेला असतो. दुसरं असं की फोनवर तुम्ही मध्येच हसत सुटता आणि मला जे सांगायचं ते राहूनच जातं. पत्रात तुम्ही हवं तिथे हसा, मी पुढे लिहीत राहीन.

धंद्याचं विचाराल तर आपलं 'रत्नपाल बिछायत केंद्र' उत्तम स्थितीत आहे, म्हणजे एकही खुर्ची मोडलेली नाही, कारण सव्वा वर्षात तिच्यावर कोणी बसलेलंच नाही. लग्नाला पंचवीस माणसं असा नियम. पंचवीस माणसं घरच्या खाटांवर आणि ओट्यावर मावतात, त्यांना मंडपवाला कशाला लागतो? (एका नवरदेवाच्या बापाने तर मला मुद्दाम निरोप पाठवला, की मंडप नको आहे आणि मंडपवाल्यालाही जेवायला बोलावता येत नाही, यादी भरली.) त्यामुळे दोनशे खुर्च्या, गालिचे, ताटं, कपबशा, उंच दांड्याचे दोन पंखे आणि ते सिंहासन, एवढा सगळा संसार आमच्या तीन खोल्यांत आमच्यासोबत राहतो आहे. सिंहासन तुम्हाला आठवत असेल. नवरा-नवरीने बसायचं, लाल मखमल, दोन्ही हातांना सोनेरी सिंह. पहिला लॉकडाऊन लागायच्या बरोबर एक महिना आधी मी ते गोंदियाहून आणलं. वेळ साधण्यात मी कसा आहे ते तुम्हाला माहीतच आहे. सध्या त्यावर बसून रचना भाजी चिरते, भाजी असेल त्या दिवशी.

तर ग्रामपंचायतीने या महिन्यात ठराव केला, की या महामारीत ज्यांचं काम बंद पडलं त्या कुटुंबांना दोन महिन्यांचा किराणा आणि थोडी रोख मदत द्यायची. आमच्या टोल्यातून, एवढ्याशा वस्तीतून, अकरा अर्ज गेले. कोणी राइस मिलमध्ये पोती उचलणारं, कोणी बिड्या वळणारं, एक मी. यात खरी अडचण कोणाची असेल तर ती समोरच्या दुर्पता मावशीची. तुम्ही तिला ओळखता, आमच्या लग्नात तुमच्याशी भांडून तुम्हाला चौथ्यांदा भात वाढणारी तीच. नवरा जंगलकामावर होता तो कधीच गेला, पोरबाळ नाही, आणि बिड्यांचा पत्ता-तंबाखू देणारा माणूस होळीपासून आलेला नाही. घरात आठ-दहा दिवसांचा तांदूळ उरला आहे हे तिने फक्त रचनाला सांगितलं, आणि तेही दुसरंच काही बोलता बोलता, जणू कोणा तिसरीचं सांगते आहे असं. ही मदत मिळाली तर तिचा पावसाळा निघणार होता.

आता आमची चूक ऐका. दवंडी आली, की उद्या समिती घरोघरी येऊन परिस्थिती पाहणार. समितीत तिघे. नवे ग्रामसेवक साहेब (सांगलीकडचे, माणूस सज्जन, पण जे डोळ्यांना दिसेल तेच लिहिणारे), शाळेचे गुरुजी, आणि पंचायतीचे सदस्य शालीकराम. शहाण्या माणसांनी घर होतं तसं ठेवलं असतं. पण आपल्याकडे बाहेरची तीन माणसं दारात येणार म्हटलं की हातपाय डोक्याला विचारत नाहीत. अंगणं सारवली गेली. फाटकी गोधडी कोठीत गेली. आणि जो तो माझ्या दारात. टोल्यात कोणाकडे सोयरीक असो, तेरवी असो, पाहुण्यांसाठी खुर्च्या माझ्याकडूनच जातात आणि त्याचं भाडं मी घेत नाही, हा आपला पंधरा वर्षांचा शिरस्ता. भाऊजी, मी तरी काय करू? सव्वा वर्षाने कोणीतरी माझ्याकडे खुर्ची मागायला आलं होतं. मला इतका आनंद झाला की दोन मागणाऱ्याला मी सहा दिल्या, वर गालिचा दिला, कपबशांचा संच दिला आणि कसा मांडायचा तेही जाऊन दाखवून आलो. खुर्च्यांच्या पाठीवर माझ्या केंद्राचं नाव रंगवलेलं आहे, ते बरं दिसत नाही म्हणून रचनाने प्रत्येक पाठीवर टॉवेल टाकायची युक्ती काढली. (साहेब लोकांच्या खुर्चीला टॉवेल असतोच, त्यामुळे साहेबांना तर आपल्याच कचेरीत बसल्यासारखं वाटलं असणार.)

पंखे मात्र दोनच आणि घरं अकरा. तेव्हा एक पंखा समितीसमोर फिरायचा आणि दुसरा खांद्यावर घेऊन मी मागच्या वाड्यांतून पुढच्या घरी पळायचो. काट्यांची कुंपणं होती, एका ठिकाणी म्हैस होती. सहाव्या घरी मी घामाघूम होऊन प्लग लावतो तोच साहेब आत आले आणि गुरुजींना म्हणाले की या वस्तीत सगळ्यांनी एकाच कंपनीचे पंखे घेतले आहेत, चांगली एकी आहे. शालीकराम तर इथलाच माणूस, त्याच्या पोरीच्या लग्नात ह्याच खुर्च्या होत्या. तो ओळखणार नाही? ओळखलं त्याने पहिल्याच घरी. पण गप्प. मागाहून विचारलं तर म्हणतो, "साहेबासमोर बोललो असतो तं टोल्याची इज्जत गेली असती ना बाप्पा!" म्हणजे आम्हाला बुडवण्यात त्याचाही हात, आणि तो त्याने आमच्या प्रेमापोटी लावला.

दुर्पता मावशीचं घर नववं. तिने तीन घरांतून साखर मागून चहा केला. एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण नुसता चहा देऊन कसं पाठवायचं म्हणून तिने कोंबडीखाली बसवायला राखून ठेवलेली सहा अंडी उकडली आणि प्रत्येकापुढे दोन-दोन ठेवली. साहेब नको म्हणाले. तर ही मास्क खाली ओढून (मास्क लावून आग्रह करता येत नाही असं तिचं मत आहे) म्हणाली, "खाऊन घ्या साहेब, घरचीच आहेत, का लाजून राहिले?" साहेबांनी खाल्ली आणि कागदावर लिहिलं: आहार सकस.

अकरावं घर माझं. मी सगळं सामान टोल्यात वाटून टाकलेलं, उरलेल्या खुर्च्या मागच्या खोलीत कोंबून दार लावलेलं, त्यामुळे आपलं घर कसं हवं तसं रिकामं दिसेल अशी माझी समजूत. पण सिंहासन कुठे जाणार? ते आत आणतानाच दाराची चौकट काढावी लागली होती. बसायला दुसरं काहीच नसल्यामुळे साहेबांना त्यावर बसवलं. दोन सिंहांच्या मधे साहेब, उजवीकडे गुरुजी उभे, डावीकडे शालीकराम उभा, आणि समोर मी हात जोडून सांगतो आहे की माझी परिस्थिती फार हलाखीची आहे. मुलगी आत ऑनलाइन शाळेत होती, तिच्या बाईंनी फोनमधून विचारलं म्हणे, तुमच्याकडे नाटक चालू आहे का?

तीन दिवसांनी पंचायतीच्या भिंतीवर यादी लागली. अकराच्या अकरा अपात्र. कारणंही लिहिली होती. दहा घरांपुढे, पाहुण्यांसाठी स्वतंत्र बैठक व्यवस्था, गालिचा, पंखा. मावशीपुढे ते अंड्यांचं जादा. आणि माझ्यापुढे एकच ओळ: अर्जदाराच्या घरी सिंहासन आढळले. यादीसमोर उभं राहून आधी आम्ही सगळे खूप हसलो. उदाराम तर मला महाराज म्हणून वाकून नमस्कार करू लागला. (अंतर राखून.) मग हळूहळू कोणीच हसेना.

मला वाटलं होतं लोक मला शिव्या देतील. कोणी दिल्या नाहीत. सगळ्यांनी खुर्च्या पुसून आणून दिल्या. दुर्पता मावशीने तिच्या सहा खुर्च्या दोन-दोन करून तीन खेपांत आणल्या, मला एकीला हात लावू दिला नाही. टॉवेल धुऊन, घडी करून. मी तोंड लपवायला जागा शोधत होतो, आणि तिने विचारलं काय, तर "चहा बरा झालता ना रे?" भाऊजी, त्या एका प्रश्नाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या डब्यातला तांदूळ माझ्या हौसेपायी संपणार होता, आणि तिला चहाची काळजी.

मी तडक ग्रामसेवक साहेबांकडे गेलो आणि खुर्चीपासून म्हशीपर्यंत सगळं खरं सांगून टाकलं. साहेब इतके हसले की मास्क हनुवटीवर आला. मग गंभीर झाले. म्हणाले, लिहिलेलं मला खोडता येत नाही, फेरतपासणी लावता येते, मंगळवारी येतो, पण या वेळी जे आहे तेच दिसलं पाहिजे. मी शब्द दिला. टोल्याची बैठक झाली, ठराव झाला: सारवण नाही, गालिचा नाही, अंडी नाहीत, फक्त पाणी. मावशीनेही मान हलवली. मला वाटतं या खेपेला तिचं काम होईल, आणि झालं तर माझ्या छातीवरचं ओझं उतरेल.

पत्र फारच लांबलं. सहज आठवण आली म्हणून लिहिलं, दुसरं काही कारण नाही. ताईला जयभीम, गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा,
रत्नपाल

ता. क. : हे पत्र देणारा बिसराम ट्रॅक्टर घेऊन आला आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. ट्रॉलीवरची ताडपत्री काढलीत की बाकीचंही लक्षात येईल. तुमचं धानाचं कोठार सध्या रिकामं आहे असं ताईनेच मागे सांगितलं होतं. फक्त बुधवार सकाळपर्यंतचा प्रश्न आहे. (फोन का केला नाही ते आता सांगतो. फोनवर माणूस नाही म्हणू शकतो. दारात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरला नाही म्हणणं अवघड जातं.)

ता. क. दुसरा : सिंहासन वर ठेवलं आहे, आधी तेच उतरवा. त्यासाठी चौकट पुन्हा काढावी लागली, त्यामुळे आज आमच्या घराला दार नाही, आणि हे मंगळवारी साहेबांना दाखवता येईल असं रचनाचं म्हणणं आहे. ताईला त्यावर बसू देऊ नका. ती बसली तर ते परत मिळणार नाही.

ता. क. तिसरा : ट्रॉली भरून झाली, दोऱ्या आवळल्या आणि दुर्पता मावशी येऊन उभी राहिली. म्हणते, पाणी तं पाणी देऊ, पण ते तिघं बसतील कोठी? मी सांगितलं, मावशी, घरात खुर्ची दिसली तर तुझं नाव पुन्हा कटेल. म्हणाली, "कटू दे ना बाप्पा. माह्या घरून आजवर कोणी उभ्याउभ्यानं गेला नाही." मी समजावलं, बिसरामने समजावलं, उदाराम कुंपणापलीकडून ओरडून समजावून गेला. ती आपली ट्रॉलीला हात लावून उभीच. शेवटी मी वर चढलो आणि दोऱ्या सोडल्या. तिचं नाव पुन्हा कटलंच तर आमच्या वाट्याचा अर्धा किराणा तिच्या घरी जाईल, हे रचनाने मला न विचारता ठरवून टाकलं आहे. तेव्हा भाऊजी, खुर्च्या मोजताना एकशे सत्त्याण्णवच भरतील, बिसरामवर संशय घेऊ नका.