माझे अकरा केबी

१२ जानेवारी २०२५, रविवार. सकाळी ७.१०
नवी वही. संकल्प एकच.
बायको, ज्योत्स्ना, म्हणते, माझी नोकरी जाऊन तीन महिने झाले. नोकरी गेलेली नाही. पुण्याच्या कंपनीने माणसं कमी केली, त्यात मी आलो. फरक आहे. तो तिला समजावत होतो, पण तिची चंद्रपूरची बस आली. खासगी दवाखान्यात नर्स आहे ती.
यंदा माझं सॉफ्टवेअर 'काटा' पूर्ण करायचं. हल्ली सॉफ्टवेअर कोणी पूर्ण स्वतः लिहीत नाही. दुसऱ्यांनी लिहिलेले तयार तुकडे जोडतात. ह्या डिपेंडन्सी. प्रत्येक तुकडा आपले आणखी तुकडे घेऊन येतो आणि पॅकेज फुगत जातं. कोणामुळे किती फुगलं ते कोणालाच माहीत नसतं. काटा ते सांगणार.
मार्चच्या आत प्रसिद्ध. जूनच्या आत नोकरी. ३० जूनला मामाजी, म्हणजे माझे सासरे वामनराव, पॉवर स्टेशनमधून रिटायर होतात. ऊर्जानगरचं हे क्वार्टर मग सोडावं लागेल. तोवर मी स्वतःचं घर घेतलेलं असेल.

१५ जानेवारी
खालचे लटारूभाऊ कोळशाच्या बेल्टवर असतात. दिवसभर घरी काय करता, विचारत होते. उदाहरण देऊन सांगितलं. लग्नात एकाला पत्रिका दिली, तो बायको, साळा आणि साळ्याचे चार मित्र घेऊन आला. जेवण कोणामुळे कमी पडलं, ते काटा सांगतो. त्यांनी बराच विचार केला.
"मंग पत्रिकाच काऊन देता?" म्हणाले.
उद्या उत्तर देतो म्हटलं.

१६ जानेवारी
लटारूभाऊंची पहिली शिफ्ट. भेट नाही.

२ फेब्रुवारी
पहिली आवृत्ती चालली. पद्धत सोपी: एकेक डिपेंडन्सी काढायची, पुन्हा मोजायचं, जितकं घटलं तितका तिचा भार.
मी लिहिलेला कोड अकरा केबी. फक्त. इतकं सुटसुटीत लिहिणारे आता फार राहिले नाहीत. डिपेंडन्सी धरून काटा ३९ एमबी. तात्पुरतं आहे.

९ फेब्रुवारी
ज्योत्स्ना सरकारी नर्सभरतीचा फॉर्म भरते आहे. फोटो पन्नास केबीच्या आत पाहिजे, तिच्याकडचा चार एमबीचा. लहान करून द्याल का, विचारलं. साइझ हाच माझा विषय, म्हटलं. शेवटची तारीख १४.
एखाद्या फुकट वेबसाइटवर टाकून लहान करणं मला पटत नाही. स्वतः लिहीन.

११ फेब्रुवारी
फोटोसाठी एक लायब्ररी घ्यावी लागली. ३१ एमबी. पुढे काट्यालाही उपयोगी पडेल, म्हणून त्यातच जोडली. फोटो ५२ केबी.

१३ फेब्रुवारी
५०.४. चेहऱ्याला जराही धक्का नाही. उद्या सकाळी होतंच.

१४ फेब्रुवारी
ज्योत्स्नाने कालच गेटजवळच्या दिव्यानीच्या ऑनलाइन सेंटरमधून फॉर्म भरला. पाच मिनिटं लागली म्हणे. फोटो ४८ केबी. मी मोठा करून पाहिला. हनुवटीपाशी चौकोन दिसतात. तिला दाखवले. ओळखू येते तेवढं बस झालं, म्हणाली आणि डबा भरायला गेली.
चार जणांत आपलं काम दाखवायची सवयच नाही तिला. माझंही दाखवत नाही.

३० मार्च
प्रसिद्ध केला नाही. कारण तांत्रिक. दोन डिपेंडन्सी एकच तिसरी ओढून आणतात. पहिली काढली तर तिसरी दुसरीमुळे राहते. दुसरी काढली तर पहिलीमुळे. म्हणजे काट्यावर दोघींचाही भार जवळपास शून्य. एकेकीला विचारलं तर कोणीच काही खाल्लेलं नाही, आणि पॅकेज मात्र १०६ एमबी.
हा हिशेब सोडवायला ग्राफची लायब्ररी लागेल. जोडली.

२० एप्रिल
प्रणितचा फोन. पुण्यात माझ्या शेजारी बसायचा, आता हैदराबादेत आहे. त्याने कंपनीत माझं नाव दिलंय. २८ तारखेला व्हिडिओवर मुलाखत, काट्याचा डेमो.
आठ दिवसांत काटा २० एमबीच्या आत आणणार. ठरलं.

२४ एप्रिल
रंगीत आलेखाची लायब्ररी काढली. काटा बंद पडला. परत जोडली. आता चालतो, पण आधीपेक्षा नऊ एमबी जास्त भरतो. नवी आवृत्ती आली असावी.

२८ एप्रिल, दुपारी ४
मुलाखत छान झाली.
ऊन पंचेचाळीस. आवाज जाऊ नये म्हणून मी कूलर बंद केला. मामाजी नाइट करून झोपले होते, ते उठून गमछा घेऊन खाली कडुनिंबाखाली जाऊन बसले.
मुलाखत घ्यायला करिश्मा नावाची मुलगी. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, बोलायला नम्र. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, आता काटा काट्यावरच चालवून दाखवाल का. त्यासाठी तो बनवलेला नाही, असं मी सांगितलं. ती म्हणाली, पाहू तर.
बावीस मिनिटं लागली. तेवढ्यात तिने इकडच्या उन्हाळ्याबद्दल विचारलं, मी सविस्तर सांगितलं. मग आकडे आले. एकूण २१४ एमबी. पॅकेजेस ६११. माझ्या कोडपुढे शून्य टक्के, कारण एका दशांशापर्यंतच दाखवायचं मीच ठरवलं होतं.

"सर, यातलं तुमचं कोणतं?"
कल्पना माझी, म्हटलं. तिने लिहून घेतलं. लिहून घेतलं म्हणजे चांगलंच.
मामाजी वर आले तेव्हा शर्ट अंगाला चिकटला होता. कसं झालं, विचारलं. छान, म्हटलं.

१५ मे
कंपनीची मेल. दोन ओळी. सगळ्यांना हीच जात असणार.
प्रणितला फोन केला. उचलला नाही. मीटिंगमध्ये असेल.

२२ मे
काटा प्रसिद्ध केला. जग आपोआप शोधत येईल.

२९ मे
डाउनलोड तीन. एक मी. एक मामाजींच्या मोबाइलवरून लिंक उघडते का ते बघताना मी. तिसरा अनोळखी. सुरुवात झाली.

३० मे
तिसरा प्रणित निघाला. मेसेज आला: लॅपटॉपमधली जागा संपली, काढून टाकतो, राग मानू नको.

११ जून
ज्योत्स्नाची ऑर्डर आली. गडचिरोलीला सरकारी दवाखान्यात, कायम पोस्ट. मामाजींनी पूर्ण बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. लटारूभाऊ मला म्हणाले, अभिनंदन. मी थँक्यू म्हटलं. फॉर्मच्या वेळी फोटोवर मीही काम केलं होतंच.
संध्याकाळी बापलेकींचं ठरलं. पोंभुर्ण्याच्या जुन्या घराला छप्पर नाही, तेव्हा मामाजीही गडचिरोलीला. मी काय करणार हे कोणी विचारलं नाही. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

२२ जून
ज्योत्स्ना जाऊन खोल्या बघून आली. दोन आहेत. एक बाबाले, एक आपल्याले, म्हणाली. माझं टेबल कुठे बसेल, विचारलं. तिने हाताने दाराची रुंदी दाखवली.
टेबलाशिवायही काम होतं. मोठी माणसं मांडीवर लॅपटॉप ठेवून काम करतात.

३० जून
मामाजींचा निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, घड्याळ. परतल्यावर त्यांनी क्वार्टरच्या भिंतीतले खिळे एकेक काढले आणि भोकांत साबण भरला. मी धरू का, विचारलं. "राहू द्या जवाई, तुमी बसा," म्हणाले. बसायला टेम्पोत चढवलेली खुर्ची परत काढून दिली.
टेबल लटारूभाऊंना दिलं. तात्पुरतं.

३ जुलै, गडचिरोली
ज्योत्स्नाचे जॉइनिंगचे कागद. मी सोबत गेलो, कारण एका कागदावर माझी सही लागत होती. ऑफिसला जाताना ऑटोत तिने फाइल मांडीवर उघडली, पानं लावली आणि बंद केली. मला दाखवली नाही.
ऑफिसात समजलं. 'कुटुंबातील अवलंबित व्यक्ती.' दोन नावं तिने भरली होती. वामनराव आणि मी. मामाजींना पेन्शन सुरू होते, ते बसत नाहीत, असं म्हणून बाबूंनी त्यांच्या नावावर रेघ मारली. उरलो मी.
मी बाबूंना समजावायला लागलो की माझं तसं नाही, मी एक सॉफ्टवेअर तयार केलं आहे, सध्या मधल्या काळात आहे. मागे रांग होती. बाबू माझ्याकडे नाही, ज्योत्स्नाकडे पाहत होते.
तिने पेन माझ्यापुढे केलं.
"मी रकाना भरला नाई," हळू म्हणाली. "दुसऱ्यानं लिवलं तर तुमाले बरं वाटत नाई. तुमचं तुमीच लिवा."
व्यवसाय, पुढे मोकळी जागा. उत्पन्न, पुढे मोकळी जागा. बाबूंनी सांगितलं, नसेल तर निरंक लिहायचं, मोकळं सोडायचं नाही.
दोन्हीकडे निरंक लिहिलं. खाली सही केली.
अक्षर चांगलं आलं.