रिकामी पाकिटं

पश्चिम मांबलम, चेन्नई

प्रिय रत्नाकर,

नावाने हाक मारलेली पाहून दचकू नका. बेचाळीस वर्षं 'अहो' म्हणून पाहिलं, त्याने काही फरक पडला नाही. पाकिटावरचं तिकीट ओळखलं असेलच. हो, तुमच्या कुलूपबंद अल्बममधल्या त्या चार जोडलेल्या कोऱ्या तिकिटांमधलंच आहे. चिमट्याने नाही, बोटांनी काढलं, फाडून वेगळं केलं, मागे थुंकी लावून चिकटवलं आणि पोस्टात समोर उभं राहून त्यावर शिक्का चांगला दणकून मारून घेतला. आता डोक्याला हात लावा आणि पुढचं वाचा.

तीन आठवडे झाले तुम्हाला घर सोडून. लहान गावांतली पोस्टं एकेक करून बंद होतील असं तुमच्या मनाने घेतलं, त्याआधी तिथले शिक्के जमवायला हवेत म्हणून एकाहत्तराव्या वर्षी पिशवी खांद्याला लावून निघालात. चिदंबरम झालं, मायावरम झालं, तरंगंबाडी झालं. प्रत्येक ठिकाणाहून माझ्या नावाने पाकीट येतं आणि आत एक कोरा पुठ्ठा, शिक्का नीट उमटावा म्हणून. टपाल आणणारी विद्यालक्ष्मी दर वेळी तमिळमधून विचारते, अम्मा, एवढं कोण लिहितं तुम्हाला? मी सांगते, आमच्या घरचे. काय कौतुकाने बघते ती माझ्याकडे! आत एक ओळसुद्धा नसते हे तिला सांगायची मला लाज वाटते. मला वाटते, तुम्हाला नाही.

पहिलं पाकीट आठवतं? लग्नाला दोन महिने झाले होते. तुम्ही रेल्वेच्या तपासणीला दिंडुक्कलला गेलात आणि मी या शहरात एकटी, तमिळचा एक शब्द येत नव्हता, बोलायला कुत्रं नव्हतं. पाकीट आलं. स्टोव्ह बंद केला, हात पदराला पुसले आणि घाईघाईने फाडलं. कोरा पुठ्ठा! मला वाटलं, बिचारे पत्र घालायला विसरले. परत आल्यावर तुम्ही ते फाटकं पाकीट पाहून असे संतापलात, की शेजारची दारं उघडली. अल्बममध्ये त्याच्याखाली तुम्ही पेन्सिलीने 'खराब' असं लिहून ठेवलंय. त्यानंतर आलेलं प्रत्येक पाकीट मी फडक्याने पुसून प्लास्टिकमध्ये घातलं. चारशेच्या वर असतील.

एग्मोरच्या तुमच्या रविवारच्या मंडळींचं रडगाणं तर मला पाठ झालंय. एके काळी म्हणे टेबलाभोवती उभं राहायला जागा नसायची, शाळेतली मुलं डब्यात तिकिटं भरून आणायची. आता पाच म्हातारे आणि सहा भिंगं. मोबाइलने छंद मारला म्हणता. मोबाइलने? आपली ऊर्मी सात वर्षांची होती. हत्तीचं तिकीट बघायला तिने हात पुढे केला, तर तुम्ही तिच्या बोटांवर चिमटा मारलात, घामट हात लावू नकोस म्हणालात. पोरीने पुन्हा अल्बमकडे पाहिलं नाही. आपापल्या घरात तुम्ही सगळ्यांनी हेच केलंत आणि आता पोरं येत नाहीत म्हणून गळा काढता. मलाही आवडायची हो ती तिकिटं. ते रंग, ती कुठकुठली पाखरं. कधी शेजारी बसवून दाखवलीत?

तुम्ही म्हणाल, फोन होता की. केला, तीनदा केला. पहिल्यांदा कारकुनाने शाई तयार ठेवली होती म्हणून तुम्ही घाईत फोन ठेवून दिलात. दुसऱ्यांदा तरंगंबाडीचा शिक्का पुसट आला, दहा मिनिटं तेच. तिसऱ्यांदा मी म्हटलं, मला काही सांगायचंय, तर तुम्ही म्हणालात, पाकिटांना दमट हवा लागू देऊ नकोस. मग मी तुमच्या गावांची यादी काढली. गुरुवारी कुंभकोणम. गेल्या गेल्या तुम्ही पोस्टमास्तरांशी ओळख काढणार हे ठाऊक आहे, म्हणून हे त्यांच्यामार्फत पाठवतेय. बायकोचं ऐकायला वेळ नसेल, पण पोस्टाने आलेली वस्तू तुम्ही टाकून देणार नाही.

माझ्या डाव्या स्तनात गाठ आहे. समोरच्या महालक्ष्मीला बरोबर घेऊन तपासून आले. कॅन्सरच निघाला. येत्या सोमवारी ऑपरेशन आहे. ऊर्मीला अजून कळवलेलं नाही. आधी तुम्हाला कळावं असं वाटलं, का वाटलं कोण जाणे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरी कोण असतं? यजमान फिरतीवर आहेत म्हटलं. कधी येणार, असं त्यांनी विचारलं आणि तिथे त्यांच्यासमोर मला रडू कोसळलं. त्याचाच राग सगळ्यात जास्त आलाय. मला फार भीती वाटतेय, रत्नाकर. कुंभकोणमचा शिक्का घेत बसू नका. मिळेल त्या गाडीने या.

अजून तरी तुमचीच,
कुमुदिनी