अबला नवाल काय म्हणाल्या

६ एप्रिल, रविवार

नणंदेचा, सरिताताईंचा नागपूरहून पुन्हा फोन. "अपेक्षाला बोर्डात किती पडले?" किती वेळा सांगू — इथे आखातात दहावीला बोर्डच नाही! "दहावी आहे आन् बोर्ड नाही? असं कसं बाप्पा?" असं कसं ते मला तरी कुठे माहीत आहे? नेट जातंय म्हणाले आणि ठेवला.

बी.कॉम. झालेली बाई मी. आणि माझ्याच पोरीच्या शाळेत अंगठाछाप! पुस्तकं अरबीत, नोटिसा अरबीत, पालकांचा ग्रुप अरबीत. या उम्म अल हस्सम भागात राहायला आलो तेव्हा इंडियन शाळेत सीट नव्हती. बिल्डिंगखालीच अरबी बालवाडी होती. तिथून ती सरळ सरकारी शाळेत गेली, आणि आज सेकंडरीच्या पहिल्या वर्षाला आहे.

७ एप्रिल, सोमवार

आज ठरवलंच, बालवाडीपासून बारावीपर्यंत एकदा नीट समजून घ्यायचं. पहिली ते तिसरी एक टप्पा, चौथी ते सहावी दुसरा, सातवी ते नववी तिसरा. तिथे सर्टिफिकेट मिळतं. मग तीन वर्षं सेकंडरी. इथवर ठीक. सेकंडरीत क्रेडिट अवर. म्हणजे काय, तर विषयाला तास लावलेले, ते तास जमवत जायचं. भाजीबाजार आहे का!

पुढच्या वर्षीपासून शाखा निवडायची. विषयांचं पान मोबाइलवर भाषांतर करून पाहिलं. एका विषयापुढे आलं — 'खेळ'. मी खूश, चला, एवढा खेळ शिकवतात! अपेक्षा मान वर न करता म्हणाली, "दॅट्स मॅथ्स, आई. अरबीत दोन्ही शब्द सेम दिसतात."

मोबाइल सोफ्यावर आपटला.

८ एप्रिल, मंगळवार

शाळेत बोलावलंय, गुरुवारी. नवरा, उज्ज्वल, म्हणतो, "तूच जा. माझी झिंज भागात दोन लिफ्ट दुरुस्तीची कामं आहेत. होईल, इंशाल्ला." या घरात सगळं इंशाल्लावरच चाललंय!

१० एप्रिल, गुरुवार

जाऊन आले. इथे मुली बाईंना 'अबला' म्हणतात. आपल्याकडे अबला म्हणजे काय, आणि ही अबला नवाल! उंच, खणखणीत आवाज, समोर बसल्या तर मलाच घाम फुटला.

इंग्रजी त्यांना फारसं येत नाही, मला अरबी येत नाही. मध्ये दुभाषी कोण — तर ज्या पोरीबद्दल बोलायचं तीच! अबला किती वेळ बोलत होत्या. एकदा छातीवर हात ठेवला. एकदा अपेक्षाच्या डोक्यावर. अपेक्षा मला म्हणाली, "फिजिक्सकडे लक्ष दे म्हणतात."

एवढंच? मी म्हटलं, त्यांना सांग, तुम्ही म्हणाल तसं करू. तिने सांगितलं. अबलांचा चेहरा पडला. का पडला? घरी येईपर्यंत विचारत होते. उत्तर एकच — "नथिंग, आई."

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. घरी वंदना घेतली, खीर केली. इथल्या आपल्या लोकांच्या मंडळाचा मोठा कार्यक्रम शुक्रवारी. मंडळाच्या महादेवभाऊंनी विचारलं, "अपेक्षा भाषण करेल का?" कुठल्या भाषेत करणार? मराठी कळतं, पण बोलते इंग्रजी. स्वप्नं अरबीत पडत असतील. बाबासाहेब म्हणाले शिका. शिकतेच आहे पोरगी — पण काय शिकते तेच आईला कळेना!

१५ एप्रिल, मंगळवार



अदलियाला आमच्या डेंटल क्लिनिकमध्ये मी रिसेप्शनवर, आणि दारातून आल्या अबला नवाल! दाढ सुजलेली, गालावर रुमाल. मला पाहिलं तशा थांबल्या. "उम अपेक्षा!" म्हणजे अपेक्षाची आई. आणि तसल्या सुजल्या तोंडाने बोलायलाच लागल्या.

नर्स झैनब इथलीच, तिला इंग्रजी येतं. तिला हाक मारली. ती ऐकत गेली आणि माझ्याकडे विचित्र बघायला लागली.

"भावना, ती विचारते, तू 'नाही' का म्हणालीस?"

"कशाला नाही?"

मग झैनबने सांगितलं — अपेक्षासारखं अरबी अबलांच्या वर्गात कोणी लिहीत नाही. तिचा निबंध त्यांनी स्टाफरूममध्ये वाचून दाखवला. तिने भाषेची शाखा घ्यावी, पुढे युनिव्हर्सिटीत जावं, असं त्या तीनदा सांगून चुकल्या. तिन्ही वेळा मुलगी म्हणाली — आईला मान्य नाही.

मी! मी कधी नाही म्हटलं?

डॉक्टरांनी आत बोलावलं तेव्हा अबला गेल्या. मी पुढच्या पेशंटला चुकीची वेळ दिली.

१६ एप्रिल, बुधवार

शाळेतून आल्याबरोबर समोर बसवलं.

"माझ्या नावाने नाही म्हणालीस?"

"हो."

"काऊन? मी रागावले असते म्हणून?"

"नो. तू हो म्हणाली असतीस म्हणून."

मग तीच बोलली, अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी. "अरबी घेऊन मी काय करू? व्हिसा बाबांचा आहे. बाबांचा जॉब खलास, की आपण खलास. मग नागपूरला मला कोण विचारणार? मी नाही म्हटलं की अबला समजावत बसतात. आई नाही म्हणते म्हटलं की गप्प होतात."

सोळा वर्षांची पोर! मी टप्पे मोजत बसले, तास मोजत बसले, आणि हिने एकटीने कुठपर्यंत विचार करून ठेवला! चीड आली. तिची नाही. कोणाची ते लिहिता येत नाही.

"पण आवडतं का तुला?"

उठून आत गेली.

१८ एप्रिल, शुक्रवार

मंडळात गेलो नाही. अपेक्षाला म्हटलं, तो निबंध वाच.

"तुला कळणार नाही."

"वाच."

वाचायला लागली. आवाजच वेगळा. इंग्रजी बोलते तेव्हा खांदे पाडून, पुटपुटत बोलते. ही ताठ बसली होती, शब्द कसे सुटे सुटे, ठणठणीत! उज्ज्वलने टीव्ही बंद केला. मध्येच म्हणाला, "थांब. मिसअद म्हणालीस ना? मिसअद म्हणजे लिफ्ट."

ती लाल झाली.

"माझ्यावर लिहिलंय काय हे?"

"हो."

"मग पुढे वाच ना."

वाचलं. त्याला साइटवरचं अरबी येतं, त्यातलं त्याला किती कळलं कोण जाणे. संपल्यावर तोंड धुवायला म्हणून गेला, लवकर बाहेर आला नाही.

१९ एप्रिल, शनिवार

उज्ज्वल म्हणाला, "नोकरी जायची तेव्हा जाईल. पोरीने आतापासून काऊन भ्यावं?" या वेळी इंशाल्ला म्हणाला नाही.

अपेक्षाला विचारलं, अबलांना काय सांगू? म्हणाली, "या वेळी तू सांग. मी मध्ये नाही."

२० एप्रिल, रविवार

झैनबकडून तीन वाक्यं पाठ करून घेतली आणि अबला नवालना फोन लावला. अरबीत म्हटलं — मी अपेक्षाची आई. 'नाही' मी म्हटलं नव्हतं. मी हो म्हणते.