चंदाचं वाक्य

८ जानेवारी, गुरुवार

आजही कोणी बोललं नाही! बीए दुसरं वर्ष, अर्थशास्त्र, वर्ग गच्च भरलेला — आणि तोंडातून निघालेला शब्द एकच, "हजर". हजेरी संपली की सगळे मुके. मी प्रश्न विचारते, डोकी वह्यांत जातात. मग मीच उत्तर सांगते, ते मुकाट लिहून घेतात. पालथ्या घड्यावर पाणी!

ठरवलं आहे. हा वर्ग मी बोलता करणार. वर्ष संपायच्या आत.

१० जानेवारी

प्राचार्यांनी बोलावलं. २८ तारखेला तपासणी समिती येणार. या वेळी कागद नाही बघणार, वर्गात बसणार — शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात संवाद कसा चालतो ते पाहायला. दोन वर्ग दाखवायचे, माझा आणि प्रफुल सरांचा. "संवादाला गुण आहेत, खोब्रागडे मॅडम. चार पोरं तयार करा, प्रश्न-उत्तरं पाठ करून घ्या."

मी म्हटलं, सर, हे नाटकच झालं. "मग? सीझनच आहे नाटकांचा!" स्वतःच हसले. मग हसणं थांबवून म्हणाले, "तुम्ही तासिकेवर आहात. पुढच्या वर्षी तास द्यायचे की नाही, ते यावरच ठरेल."

१३ जानेवारी

नाटक करणार नाही. बस्स.

१९ जानेवारी, सोमवार

सगळे उपाय झाले. बाकं गोल लावली, गोल बसून गप्प राहिले. चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहायला सांगितले, चिठ्ठ्या कोऱ्या आल्या. बोलेल त्याला चॉकलेट म्हटलं — चॉकलेटं संपली, बोललं कोणी नाही! रागावून पाहिलं, तर दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग गायब. भिंतीपलीकडे प्रफुल सरांच्या इतिहासाच्या वर्गात तालीम जोरात. पाठ केलेले प्रश्न खणखणीत ऐकू येतात.

हरले. काल घरी बसून संवाद लिहून काढले. आज वर्गाला खरं काय ते सांगून टाकलं — समिती येणार, माझे तास जातील, मदत करा. आणि मागच्या बाकावरचा खुशाल आपणहून उभा राहिला! तो वडशाच्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर आहे. दिवाळी ते होळी रात्रभर नटांना वाक्यं पुरवतो आणि दिवसा माझ्या तासाला झोपतो. म्हणाला, "टेन्शन नका घेऊ मॅडम. प्रॉम्प्टिंग मी करतो जी."

२१ जानेवारी

तालीम झाली. खुशाल शेवटच्या बाकाआड कागद घेऊन दबून बसला. मी विचारलं, "धानाचा भाव कोण ठरवतो?" पहिलं वाक्य चंदाचं. सावली तालुक्यातली मुलगी, घरी धानाचीच शेती, पण वर्षभरात "हजर"पलीकडे तिचा आवाज ऐकलेला नाही. ती उठली, ओढणी सारखी केली, आणि —

"मागणी आणि पुरवठा," मीच म्हणाले.

बाकाआडून खुशाल, "मॅडम! तुमी चंदाचा डायलॉग घेतला!"

हशा. पुन्हा पहिल्यापासून. या वेळी अजयचं वाक्य घेतलं. मग दिव्यानीचं. तिसऱ्यांदा तर ओठ दाबून धरले होते, तरी निसटलं! खुशाल वैतागून बाहेरच आला. "मंग मी काऊन बसलो तिथी? सारेच डायलॉग तुमी घेऊन राह्यल्या."

चंदा जमिनीकडे बघत म्हणाली, "रोजच तं घेतात मॅडम."

वर्ग खो-खो हसला. मीही हसले. घरी येईपर्यंत हसू पार गेलं होतं.

२२ जानेवारी

नाचता येईना अंगण वाकडं! पोरं बोलत नाहीत, पोरं बोलत नाहीत — बोलू कधी दिलं? प्रश्न विचारला की ती शांतता मला सहनच होत नाही. वाटतं, मला शिकवता येत नाही हे सगळ्यांना कळतंय. म्हणून मी ती भरून काढते. लिहितानाही लाज वाटते आहे.

संवादाचे कागद फाडून टाकले. खुशाल हिरमुसला.

२३ जानेवारी

विचारलं आणि गप्प बसले. किती अवघड! पाणी प्याले. पुसलेला फळा पुन्हा पुसला. शेवटी अजय बोलला. चुकीचं! जीभ चावून बसून राहिले. तर दिव्यानी म्हणाली, "नाई नाई, तसं नाई ते" — मला नाही, अजयला! मग दोघं भांडलेच. मी तिथे आहे हे कुणाच्या लक्षातही नव्हतं. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

२७ जानेवारी

प्रफुल सर चहा पिताना म्हणाले, "मॅडम, हात दाखवून अवलक्षण नका करू. उद्या पोरं गप्प बसली तर? एक दिवसाचं नाटक, वर्षाची भाकर." तेही तासिकेवरच. चुकीचं बोलत नाहीत. भीती मलाही वाटते.

तरी नाही.

२८ जानेवारी

समिती मागच्या बाकांवर, शेजारी प्राचार्य. मी विचारलं, "धानाचा भाव कोण ठरवतो?" शांतता. चंदा उठली. ओढणी सारखी केली. समितीतल्या एकाने घड्याळ पाहिलं. मी तोंड उघडलं नाही.

आणि मागून मोठ्याने, "मागणी आणि पुरवठा!"

प्राचार्य!

चंदा वळली. "सर, मी बोलूनच राह्यली होती जी." मग माझ्याकडे बघून सावकाश म्हणाली, "धान निघालं का साऱ्याइलेच विकाची घाई रायते, मॅडम. ज्याले घाई, त्याचा भाव पडते. ज्याले थांबता येते, थो भाव ठरवते."

त्यानंतर अजय, दिव्यानी, खुशालसुद्धा. तास संपला तरी वाद संपेना. जिंकले! काय व्हायचं ते होवो.

३१ जानेवारी

समितीचे शेरे आले. प्रफुल सरांचा वर्ग — उत्कृष्ट संवाद. माझा — "विद्यार्थी तत्काळ उत्तर देत नाहीत. शिक्षिका त्यांना मदत करत नाहीत."

हसू की रडू! दोन्ही केलं.

४ फेब्रुवारी

प्राचार्यांनी सांगितलं, पुढच्या वर्षी मला तास नाहीत. वर्गात सांगून टाकलं. चंदा उठली. "मंग आता तुमी काय करान जी?"

मला उत्तर सुचेना. कोणीही मध्ये बोललं नाही. घंटा झाली, तरी सगळे माझ्याकडे बघत थांबून राहिले.