घरच्या बाटलीतली चिलटं

४ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या मेंढवाड्यातल्या सापळ्याची पाचवी बाटली मिळाली. सकाळपासून भिंगाखाली चिलटं मोजून डोळ्यांचा भुगा झालाय. काय काम करतेस असं कुणी विचारलं, तर माशा मारते म्हणून सांगते. खरं तर तेही नाही, मेलेल्या मोजते.

बाकीच्यांच्या बाटल्यांत चारशे-पाचशे चावरी चिलटं, तुझ्या बाटलीत नऊ. साहेब म्हणाले, तिकडे वारा असेल. वाऱ्यात या जिवांना उडता येत नाही. शेणामुताचा ओला चिखल, ऊब आणि पडलेला वारा मिळाला की त्यांचं फावतं. ही चिलटं चावून मेंढ्यांना होणाऱ्या निळ्या जिभेच्या रोगाची लस यंदा थोडीच आलीय, ती जास्त चिलटांच्या भागात आधी जाईल. तुमचा भाग यादीत शेवटी आहे. मला तर हायसं वाटलं.

आईचा खोकला कसा आहे? तिला शि. सा. न. सांग. पत्राला उशीर केलास तरी चालेल, माया पातळ करू नकोस.

तुझी,
ठमी

१३ सप्टेंबर

चि. ठमीस,
अ. उ. आ.

दोन मेंढ्यांची तोंडं सुजली आहेत. लाळ गळते, चालताना लंगडतात. काल एकीचं तोंड उघडून पाहिलं, जीभ जांभळट झाली आहे. गुरांचे डॉक्टर म्हणाले, लस इकडे अजून आलेली नाही.

आता एक सांगतो, रागावू नकोस. तू दिलेला सापळा मी पहिल्या आठवड्यातच मेंढवाड्यातून हलवला. त्याचा पंखा रात्रभर घुंघुं करायचा आणि आईची खाट नेमकी त्या खिडकीशी. खोकून खोकून कुठे तिचा डोळा लागायचा, तर हा सुरू. म्हणून वर टेकाडावर, पाण्याच्या टाकीपाशी टांगला. दिवा तोच, बाटली तीच, मग चिलटांना काय फरक पडतो असं वाटलं. तुला सांगितलं असतं तर तू ओरडली असतीस.

मेंढवाड्यातला हौद गळतो, त्याच्या भोवती कायम राड असते. तू चिखलाचं लिहिलेलं आज पुन्हा काढून वाचलं. काय करू ते लगेच कळव.

तुझा,
दादा

१८ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आधी कामाचं. हौदाची गळती आजच बंद कर, राड उपसून कोरडी माती टाक. शेण लांब नेऊन झाकून ठेव. ऊन उतरायच्या आत मेंढ्या आत घे आणि मोठा पंखा लाव, वाऱ्यात चिलटं टिकत नाहीत. आजारी मेंढ्या वेगळ्या बांध, त्यांना मऊ चारा दे.

साहेबांना मी सगळं सांगितलं. त्यांनी यादी बदलली, पण या फेरीची लस आधीच वाटून झाली होती. पुढची येईल तेव्हा तुमच्याकडे पहिली.

मी तुझ्यावर ओरडणार नाही, दादा. मला तोंड नाही. तुझ्या बाटल्यांत पतंग होते, भुंगे होते, शेणातली चिलटं जवळपास नव्हतीच. पंचेचाळीस मेंढ्यांच्या मेंढवाड्यात असं होत नाही, हे मला पहिल्याच बाटलीला कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाची असती तर मी त्याच दिवशी विचारलं असतं, सापळा कुठे टांगलाय. घरची होती, म्हणून बरं वाटलं आणि आकडा लिहून टाकला. थकले होते हेही खरं, पण ते कारण नव्हे.

जमलं तर लोभ ठेव.

तुझी,
ठमी

९ ऑक्टोबर

चि. ठमीस,
अ. उ. आ.

अकरा मेंढ्या गेल्या. आईने बाटलीने दूध पाजून वाढवलेली कानतुटी शेवटी गेली. लस परवा आली, उरलेल्या चौतीस जणींना टोचून झाली. हौद दुरुस्त केला, राड वाळली. मेलेल्या पुरायला खड्डे खणून माझी कंबर धरली आहे, बाकी ठीक.

आईपासून काही लपवलं नाही.  ती म्हणाली, माझ्या झोपेपायी एवढं झालं, तो सापळा खाली आण. मी तिची खाट पलीकडच्या खोलीत नेतो म्हटलं, तर ऐकेना. आता सापळ्याचा पंखा तिच्या खिडकीखालीच घुंघुं करतो. तिला झोप येत नाही ती पंख्यामुळे नाही, हे तिला माहीत आहे आणि मलाही.

चूक दोघांची आहे, तू एकटीने पदरात घेऊ नकोस. लोभ होता तेवढा आहे, काळजी नसावी.

सोबत बाटली पाठवतो. या वेळी मेंढवाड्यातली आहे, तळाशी काळा थर बसलाय. मोजायला बसशील तेव्हा घरची म्हणून मोजू नकोस.

तुझा,
दादा